कार्तिकातले दाणे

कालिंदी वैशंपायनबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली तिच्या कॉलेजात तिच्याविरुद्ध जे पत्र गेलं, त्यावर अकरा सह्या होत्या. सातवी माझी.

मी नीलकंठ मुळ्ये. जन्म काशीतला, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीतला. नोकरी पोस्टात झाली. आमच्या घरासमोर वैशंपायनांचं घर. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा. कालिंदी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माझ्या गीताअक्काच्या वयाची. दोघी एकाच वर्गात होत्या, अक्काचं लग्न होईपर्यंत. मी कालिंदीला ताई म्हणायचो.

तिचे वडील नरहरशास्त्री पाठशाळेत यजुर्वेद शिकवायचे. ती इंटरला असताना आठ दिवसांच्या तापाने ते गेले. मागे पद्माकाकू आणि ही एकुलती एक मुलगी. आमच्या घाटावर मराठी मंडळींचं एक अन्नछत्र होतं. काशीत मरण यावं म्हणून महाराष्ट्रातून आलेल्या, आणि मरण लवकर न आलेल्या, विधवा बायका तिथे जेवत. छत्राचे चिटणीस ढुंढिराजपंत सप्रे. त्यांनी काकूंना कोठीघर सांभाळायला बोलावलं. त्याबदल्यात दोघींचं दोन वेळचं जेवण. कालिंदीताई बी.एस्सी. आणि एम.एस्सी. झाली ती त्या जेवणावर. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. पुढे काकूंनीच ते तिला चारचौघांत ऐकवलं.

तिने वनस्पतिशास्त्र घेतलं आणि डॉक्टरेट केली ती साठवलेल्या धान्यावरच्या बुरशीवर. शहरातल्याच एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागली. गल्लीत लोक विचारायचे, "कशातली डॉक्टर झाली ही?" मी सांगायचो, "बुरशीतली," आणि आम्ही सगळे हसायचो. तिच्या कानावर ते जात असणार. तिने कधी विषय काढला नाही.

एकदा मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो होतो, रजिस्टर पत्र द्यायच्या निमित्ताने. तिने मला एका काळ्या पेटीच्या भोकाला डोळा लावायला सांगितलं. आत एक काचेची पट्टी होती, तिच्यावर पांढरा लेप, आणि त्या लेपावर चारपाच निळे ठिपके चमकत होते. सुंदर दिसत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"विष," ती म्हणाली. "काल विश्वेश्वरगंजच्या बाजारातून आणलेल्या शेंगदाण्यांतलं."

मग तिने समजावून सांगितलं. दाणा ओला झाला, नीट सुकला नाही, की त्यावर पिवळट हिरवी बुरशी धरते. बुरशी दिसते, ती झाडता येते, पुसता येते. पण ती दाण्यात जे सोडून जाते ते दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. भाजलं, उकळलं, तरी बरंचसं तसंच राहतं. एका दिवसात काही होत नाही. ते यकृताला धरतं आणि वर्षानुवर्षं बसून राहतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. इंग्लंडात एका साली लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा ते पहिल्यांदा सापडलं होतं.

"पक्ष्यांचं ठीक आहे," मी म्हटलं.

तिने पेटीतला दिवा बंद केला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन माणसं मेली, शंभराच्या वर. पेपरात आलं होतं. तिने ते कात्रण मला दाखवलं नाही. मीच वाचलं, आणि मीही तिच्याकडे त्याबद्दल बोललो नाही.

बाजारात तिची थट्टा व्हायची. ती पिशवी घेऊन दुकानादुकानातून पावपाव शेर दाणे गोळा करायची. एक दुकानदार तिला लांबून बघूनच म्हणायचा, "आइए डॉक्टरनीजी, सड़ावाला अलग रखा है आपके लिए." ती म्हणायची, "सड़ा नहीं चाहिए. जो बेचते हो वही दो." हे तिने मला हसत सांगितलं होतं. तेवढंच एकदा.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात बाढ आली. पूर हा शब्द आम्ही काशीतले लोक घरी वापरत नाही, बाढच म्हणतो. तशी बाढ त्याआधी कुणी पाहिली नव्हती. आमच्या घाटाच्या सगळ्या पायऱ्या बुडून पाणी गल्लीत शिरलं. पलीकडे रामनगरला गोकुळदास साहू म्हणून धान्याचे मोठे आढतिये, अडते, होते. त्यांच्या गोदामात कमरेएवढं पाणी उभं राहिलं, असं ऐकलं. साहूजी भाविक माणूस. पंधरा वर्षं आमच्या छत्राचा कार्तिक ते चालवत. कार्तिकस्नान करणाऱ्या आमच्या बायका महिनाभर धान्य खायच्या नाहीत. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिंगाड्याची भाकरी यावर राहायच्या. त्यासाठी लागणारे दाणे साहूजींकडून यायचे.

बाढ ओसरली आणि महिन्याभराने, कोजागरीच्या आदल्या दिवशी, नावेतून दाण्यांचे अकरा बोरे, म्हणजे पोती, उतरले.

"एवढ्या आपत्तीतही साहूजींनी नेम मोडला नाही," ढुंढिराजपंत हात जोडून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते.

काकूंनी रिवाजाप्रमाणे एक परात भरून दाणे निवडायला घरी आणले. कालिंदीताई कॉलेजातून आली, चप्पल काढली, आणि परातीपाशीच बसली. दोनचार दाणे उचलून तिने नखाने सोलले. सालीखाली सुरकुतीत पिवळट धूळ होती.

"आई, हे कुठले?"

"छत्रातले. थोडी सीलन, ओल लागलीय. काळे काढून टाकतेय मी."

दुसऱ्या दिवशी ती छत्रात आली आणि अकराही बोऱ्यांतून, वरून, मधून, तळातून, मूठमूठ दाणे घेऊन गेली. चार दिवसांनी परत आली. रविवार होता. कोठीघरात ढुंढिराजपंत, काकू आणि मी होतो. छत्र चालवणाऱ्या मराठी मंडळात मी सगळ्यांत लहान सभासद, वजनं बघायला मला ठेवलं होतं. तोवर दाण्याची आमटी चार दिवस होऊन गेली होती.

"हे कुणी खाऊ नये," ती म्हणाली. "हद्द तिसाची धरतात. यातल्या सगळ्यांत चांगल्या पोत्यात साडेचारशे निघाले. बाकीच्यांत हजाराच्या वर."

"तीस काय, बाळ?" ढुंढिराजपंतांनी विचारलं.

"अब्जात तीस भाग."

पंत हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. "अब्जात! अगं, गंगेत कोणी शिंतोडा टाकला तर तो मोजायचा का?"

"मोजावा लागतो," ती म्हणाली. "काका, या बायका आमटी म्हणून दिवसाला पावपाव शेर दाणे खातात. एखादा लाडू खाणाऱ्याची गोष्ट वेगळी."

पंत गंभीर झाले. म्हणाले, दान आलेलं अन्न टाकायचं तर मंडळाला कागद लागेल. कॉलेजचा शिक्का आणि विभागप्रमुखांची सही. त्यात वावगं काही नव्हतं. ती गेली आणि तीन दिवसांनी हात हलवत आली. विभागप्रमुख म्हणाले होते, हे नमुने खासगी आहेत, त्यांचा अधिकृत प्रकल्पाशी संबंध नाही, सही होणार नाही. वर असंही म्हणाले होते, की साहूजी संस्थेचे हितचिंतक आहेत, जरा विचार करा.

मग ती जेवणाच्या वेळी छत्राच्या दारात उभी राहू लागली. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "काकू, आमटी घेऊ नका. मावशी, वरी आणि ताक घ्या, आमटी नको." सव्वीस बायका जेवत होत्या. कुणी थांबून ऐकायच्या, कुणी हात झटकून पुढे जायच्या. वरी आणि ताकावर महिना निघत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी पद्माकाकू आतून बाहेर आल्या. हातात वाटी होती. मी दारातच होतो.

"ह्या छत्राच्या दाण्यावर तू शिकलीस," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि आता ह्याच दारात उभी राहून ह्या अन्नाला विष म्हणतेस? माझ्या हाताने निवडलेत हे. बघ."

त्यांनी वाटीतले दाणे मूठभर तोंडात टाकले आणि तिच्यासमोर उभं राहून सावकाश चावून खाल्ले. सगळ्या बायका बघत होत्या. कालिंदीताई पुढे झाली, तिने आईचा हात धरायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग ती गेली. दारात उभं राहणं तिने त्या दिवसापासून सोडलं.

माझी गीताअक्का त्या सव्विसांत होती. सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन ती आमच्याकडे परत आली होती, आणि कार्तिकात छत्रात जेवायची. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "नीलू, कालिंदी मला म्हणाली, खाऊ नकोस. ती उगीच बोलणारी नाही. हा महिना मी घरीच काही करून खाऊ का?"

मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, "सगळ्या खातात ना? काकू स्वतः खातात. तू एकटी उठून आलीस तर लोक काय म्हणतील? मी मंडळात आहे."

"बरं," अक्का म्हणाली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

कालिंदीताईने नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला लिहिलं. तिथून एक निरीक्षक आला, त्याने कोठीघरातून बाटलीभर दाणे घेतले, चहा प्यायला आणि गेला. त्याच्या अहवालाचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण निरीक्षक आल्याची बातमी दुसऱ्याच दिवशी नदीपार पोचली. ढुंढिराजपंत आणि मी नावेने रामनगरला गेलो, साहूजींची समजूत घालायला. साहूजी गादीवर बसले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, पेढा दिला, पंतांच्या पाया पडले.

"पंडितजी," ते म्हणाले, "दान में दोष निकल आया, तो दान वापस कर दीजिए. मुझे ब्राह्मणियों की हत्या का पाप नहीं लेना है."

पंत गयावया करत राहिले. साहूजी शेवटपर्यंत नम्रपणे बोलत होते. आम्ही निघताना त्यांचा मुनीम दारापर्यंत आला आणि म्हणाला, मालकांचं मन दुखावलंय, त्या बाईचं म्हणणं खोटं आहे असं तुम्ही लोकांनी लेखी दिलंत तर पुढच्या वर्षी बघता येईल.

उरलेले सात बोरे परत नावेत चढले. कार्तिकाचे बारा दिवस बाकी असताना छत्राची चूल विझली. मराठी घरांनी वाटून घेऊन चारपाच जणींची सोय केली. बाकीच्या दुसऱ्या घाटांवर, दुसऱ्या भाषांच्या पंगतींत, शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. एक आजी, वाईहून आलेल्या, पायऱ्यांवर पदर पसरून बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. त्यांना ओळखीचा माणूस दिसला म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

त्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका कुणामुळे बसल्या, हे ठरवायला गल्लीला वेळ लागला नाही. पत्र ढुंढिराजपंतांनीच लिहिलं, सुंदर अक्षरात. डॉ. कुमारी वैशंपायन यांनी अपुऱ्या माहितीवर अफवा पसरवून एका पुण्यकार्यात विघ्न आणलं, असा मजकूर होता. पत्र माझ्यासमोर आलं तेव्हा वरच्या सहा सह्या झालेल्या होत्या. पोस्टातला टाक चांगला चालायचा. मी सही केली.

कॉलेजने तीन जणांची चौकशी समिती नेमली. आमच्या बाजूने पंत गेले आणि त्यांच्यासोबत मी. कालिंदीताई समोर एका खुर्चीवर बसली होती, मांडीवर वह्या. तिने आकडे वाचून दाखवले. समितीतले एक प्राध्यापक, रसायनशास्त्राचे, हुशार होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या मातोश्री हेच दाणे निवडून खात होत्या म्हणे. त्या निवडलेल्या दाण्यांचा नमुना तपासलात?"

"तपासला."

"किती निघाले?"

मला अजून वाटतं, तिथे ती नुसतं 'हद्दीच्या वर' म्हणाली असती तरी ते खरंच होतं. पण तिने वही उघडली.

"चाळीस. काळे आणि सुरकुतलेले दाणे काढले की बरंच विष त्यांच्याबरोबर जातं. माझ्या आईचा हात फार चांगला आहे. पण एका बाईने एक परात निवडणं वेगळं आणि सव्वीस जणींची आमटी वेगळी. छत्रात निवडायला वेळ नव्हता, तिथे बोरा तसाच कुटला जायचा."

"म्हणजे निवडलेले दाणे जवळजवळ खाण्याजोगे होते."

"जवळजवळ म्हणजे काय ते मला..."

"आणि तुम्ही दारात उभं राहून सगळेच दाणे विषारी आहेत असं सांगितलंत."

कुणीतरी हसलं. पंतांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. निकाल तेव्हाच लागला होता. तिला लेखी ताकीद मिळाली आणि बाहेरचे नमुने परवानगीशिवाय तपासायला बंदी झाली. रीडरच्या बढतीची जागा त्या वर्षी तिची होती. ती दुसऱ्याला गेली आणि पुन्हा कधी तिच्याकडे आली नाही. साहूजींचं दानही परत आलं नाही. त्यांनी दुसऱ्या एका संस्थेला धरलं होतं. दोन वर्षं कसंबसं चालून छत्र कायमचं बंद पडलं. पंतांना वाटायचं पत्र थोडं आणखी कडक लिहायला हवं होतं.

सात बोऱ्यांचं काय झालं याची चौकशी फक्त तिने केली. ती एकटी रामनगरला गेली, आणि दोनतीन खेपांनंतर तिला कळलं की तो माल एका तेलघाणीला गेला. तेल निघालं, पेंड उरली. विष तेलात फारसं उतरत नाही, पेंडीत राहतं. पेंड म्हशींना गेली. मग ती सहा महिने रविवारी सकाळी नावेने पलीकडे जाऊन गोठ्यागोठ्यातून दुधाच्या बाटल्या आणत होती. दुधात ते सापडलं, बदललेल्या रूपात, थोडं. त्या गोठ्यांचं दूध पहाटेच्या नावेने आमच्याच बाजूला यायचं. आमच्याही घरी तेच यायचं.

त्यावरचा तिचा लेख छापून आला तेव्हा विभागप्रमुखांचं नाव पहिलं होतं. बंदी उठवल्याचा मोबदला म्हणून. रामनगरचं नाव लेखात नव्हतं; 'पूर्वेकडील एक गाव' असं होतं. तिने मला छापील प्रत दिली नाही. मी कोण तिचा? तिच्या नावाच्या प्रती उघड्या बुकपोस्टाने आल्या, तेव्हा पोस्टात मी एक चाळून पाहिली.

आता काकूंबद्दल. पद्माकाकू त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेल्या, तोवर दात शाबूत, रोज गंगेवर जायच्या. आणि त्या ठणठणीत प्रकृतीने मुलीचा जेवढा घात केला तेवढा आमच्या पत्रानेही केला नसेल. कुणी विषय काढला की गल्लीतलं कुणीही समोरच्या खिडकीकडे बोट करायचं. "अहो, पद्माकाकूंनी महिनाभर तेच खाल्लं. काय झालं त्यांना?" ह्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर नव्हतं. चाळीस आणि हजार, निवडलेलं आणि न निवडलेलं, एक माणूस आणि सव्वीस माणसं, एवढं सगळं ऐकायला कोण उभं राहतं?

दोघी एकाच घरात राहिल्या. कालिंदीताईने आईचं सगळं केलं; शेवटच्या आजारात अंथरुणसुद्धा. पण बोलणं कामापुरतं. दर वर्षी कार्तिक लागला की काकू खिडकीतून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या, "लिही गं तुझ्या वहीत, अजून जिवंत आहे म्हणावं." काकू गेल्यावर तेराव्याला मी एकदा हळूच म्हटलं, "काकू मनाने वाईट नव्हत्या." ती म्हणाली, "नव्हती. तिला मी त्या दिवशी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, दारात नको होतं. ती माझी चूक." दुसरी कुठलीही चूक तिने कधी मान्य केली नाही, आणि मला तरी दुसरी सापडलेली नाही.

गीताअक्का मात्र त्याच्या कितीतरी आधी गेली. शहाऐंशीच्या चैत्रात तिचे डोळे पिवळे झाले. आधी साधी कावीळ म्हणून वैद्याचं औषध चाललं. मग पोट फुगलं. इस्पितळात सांगितलं, यकृताचा कर्करोग. आषाढात ती गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्या आठ वर्षांत सव्विसांपैकी आणखी तिघी यकृतानेच गेल्या होत्या. बाकीच्या वयाने गेल्या, पडून गेल्या, एक सर्पदंशाने. काशीत काविळीला कारणं कमी नाहीत; पाणी एक आहेच. हे सगळं मला कळत होतं. तरी अक्काचे दिवस झाल्यावर मी समोरच्या घरी गेलो. आठ वर्षांनी. काकू देवळात गेल्या होत्या. ताई दुपारचा चहा घेत होती. तिने मलाही कप दिला.

"ताई," मी म्हटलं, "ते दाण्यांमुळे झालं का?"

"सांगता येत नाही."

"तुला नाही तर कुणाला सांगता येणार?"

"कुणालाच नाही. गीताला लहानपणी कावीळ होऊन गेली होती, तुला आठवत नसेल. ज्यांना ती होऊन गेलीय त्यांना हे विष जास्त धरतं, असं आता म्हणतात. म्हणजे दाण्यांचा हात असू शकतो. नसूही शकतो. अठरा दिवसांच्या खाण्यानं झालं, की जन्मभर जो दाणा आपण सगळेच खातो त्यानं झालं, ते एका माणसात वेगळं काढता येत नाही, नीलू."

"तू हो म्हण," मी म्हटलं. "किंवा नाही म्हण. काहीतरी एक म्हण."

"तेव्हा जे मोजलं ते मी सांगितलं. आज मोजता येत नाही, ते तुला बरं वाटावं म्हणून कसं सांगू?" तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एक गोष्ट मला समजली नाही. मी गीताला खाऊ नको म्हटलं होतं. ती म्हणाली होती, बरं, घरी बघते. माझ्यावर तिचा विश्वास होता. मग ती परत का गेली जेवायला? कुणी सांगितलं असेल तिला?"

मी चहा प्यायलो. म्हटलं, "कुणास ठाऊक."

ती पुढे वीस वर्षं जगली. ह्या वीस वर्षांत आम्ही गल्लीत रोज भेटलो, कधी भाजीवाल्यापाशी, कधी मतदानाच्या रांगेत. पुढे मुलं आणि त्यांची मुलं हिंदीतच बोलू लागली, मराठी घरं एकेक करून पुण्याला, नागपूरला गेली, आणि मराठीत दोन वाक्यं बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय फार कुणी उरलं नाही. तरी ते एक वाक्य मी बोललो नाही.

अठ्ठ्याण्णव साली ती लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाली. त्याच्या आसपास एक तरुण अधिकारी तिला भेटायला आला होता, अन्नतपासणी खात्यातला, मूळचा सोलापूरचा. परदेशी पाठवायच्या शेंगदाण्याचा प्रत्येक लॉट आता तपासावा लागतो, नाहीतर तिकडून माल परत येतो, म्हणून त्याला बाढीनंतरच्या मालाचे जुने आकडे हवे होते. तिने त्याला विचारलं, "परत आलेला माल कुठे जातो?" तो म्हणाला, "मॅडम, ते आमच्या खात्याकडे नाही." तिने त्याला चार वह्या दिल्या. त्याने पोच दिली नाही आणि वह्याही आल्या नाहीत. तिने दोनदा पत्र टाकलं. दोन्ही मीच रजिस्टर करून दिली होती, माझ्या नोकरीची तेव्हा शेवटची वर्षं होती.

दोन हजार सहाच्या माघात ती न्यूमोनियाने गेली. चार दिवस इस्पितळात होती. जवळचं कुणी नव्हतं म्हणून दहनाला मी, शेजारचा एक यादव, आणि तिच्या एक जुन्या विद्यार्थिनी, विद्युल्लता दुबे, एवढेच होतो. विद्युल्लताबाई आता कुठेतरी प्राचार्य आहेत. त्या रडत होत्या आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "आप मैडम के भाई हैं न?"

पंधरा दिवसांनी मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. पंत केव्हाच गेले होते. त्यांचा मुलगा रत्नाकर अध्यक्ष होता. त्याने नरहरशास्त्र्यांच्या वेदविद्येबद्दल सविस्तर सांगितलं, पद्माकाकूंच्या अन्नसेवेबद्दल सांगितलं, आणि कालिंदीताई फार हुशार होत्या, स्वभावाने थोड्या हट्टी होत्या, असं म्हणाला. त्याला बाकी काही माहीत नव्हतं आणि सांगायला कुणी गेलंही नव्हतं. सह्या करणाऱ्या अकरांपैकी त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो.

शेवटी मला दोन मिनिटं दिली. मी उठलो, माईकपाशी गेलो, समोर पंचवीसतीस माणसं होती. मी तिच्या शिस्तीबद्दल बोललो. ती कॉलेजला एक दिवसही उशिरा गेली नाही, असं सांगितलं. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत अशी सूचना आधी दिलेली होती, तरी मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी वाजवल्या.